कंपाउंडरांचा उंदीर

कोणी "बरं आहे ना?" असं विचारलं की आमचे कंपाउंडर आधी स्वतःचं मनगट धरायचे. डाव्या हाताने उजवी नाडी धरून घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट तसेच उभे राहायचे. विचारणारा तोवर पुढे गेलेला असायचा. त्याला मागून हाक मारून सांगायचे, "बहात्तर. बरं आहे." एकदा आमच्या शेजारच्या तुळसाकाकू डोक्यावर हंडा घेऊन चालल्या होत्या. त्यांनी जाता जाता विचारलं आणि भरल्या हंड्यानिशी त्यांना थांबावं लागलं, कारण त्या दिवशी कंपाउंडरांना नाडी दोनदा मोजावी लागली. या माणसाला पुन्हा काही विचारणार नाही, असं काकूंनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी परत विचारून बसल्या. सवयीचं बोलणं असतं ते. कंपाउंडरांना सवयीचं बोलणं कळायचंच नाही.

आमचं गाव कर्जतपासून चालत तासाभरावर, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेला. गावात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा कर्जतहून यायचे, बाकीचे दिवस कंपाउंडरच सगळं बघायचे. ते मूळचे घाटावरचे. एकटेच राहायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते माझ्या वडिलांच्या वयाचे असतील. सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. मिक्श्चरच्या बाटलीला डोस कळावा म्हणून कागदाची पट्टी चिकटवतात, ती ते जुन्या कॅलेंडरातून कापायचे. त्यामुळे आमच्या बाटलीवर कधी संकष्टी यायची, कधी अमावास्या. अमावास्येची पट्टी आली की आय, म्हणजे माझी सासू, औषध घ्यायची नाही. मग मी बाटली घेऊन परत जायची. ते काही न बोलता ती पट्टी ओली करून काढायचे आणि साधा वार असलेली लावून द्यायचे. हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. सगळ्यांना तुम्ही म्हणायचे, अगदी दवाखान्याच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा. "तुम्ही जरा सरका," असं त्याला म्हणत आणि तो सरकला नाही तर स्वतः वळसा घालून जात.

हे सगळं चाललं असतं. खेडेगावात एखादा असा माणूस असतोच. पण गुरुवार आला की कंपाउंडर घरोघरी तांदूळ मागत फिरायचे, आणि ते कशासाठी हे मात्र कोणाला धड समजत नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं होतं की प्रत्येक घराने रोज सकाळी भाताला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी डब्यात टाकावी. गुरुवारी ते पिशवी घेऊन येणार. ते तांदूळ ते रविवारी एसटीने मोहोपाड्याला न्यायचे. तिथल्या कारखान्यांच्या कॉलनीत आमच्याकडच्या गावठी तांदळाला गिऱ्हाईक होतं. आलेल्या पैशांची मनीऑर्डर मुंबईच्या एका दवाखान्याला जायची, रक्ताच्या कर्करोगावर तिथे संशोधन चाललं होतं त्यासाठी. कोणी तांदळाऐवजी नाणं पुढे केलं तर घेत नसत. "पैसा दिला की माणूस विसरतो," म्हणायचे. "मूठ रोज सकाळी आठवते."

आणखी एक अट होती. आजाराचं नाव तोंडाने घेतल्याशिवाय ते तांदूळ घ्यायचे नाहीत. आता आमच्याकडे सापालासुद्धा कोणी साप म्हणत नाही, जनावर म्हणतात. नाव घेतलं की ते येतं. त्या आजाराला तर 'तो वंगाळ आजार' याच्या पलीकडे कोणी शब्द वापरत नव्हतं. कंपाउंडर दारात उभे राहून विचारायचे, "कशासाठी देताय?" बायका म्हणायच्या, त्या आजारासाठी. "कोणत्या?" की सगळ्या पदर तोंडाला लावून आत.

तुळसाकाकू तेवढ्या धीट. त्या म्हणाल्या, "मालकाचं नाव कदी चारचौघीत घेतलं नाय, ते तुमच्या रोगाचं घेऊ व्हय?"

"मालकांचं घेऊ नका," कंपाउंडर म्हणाले. "मालक ऐकतील. रोग ऐकत नाही."

बायका हसता हसता नाव घ्यायला शिकल्या. मला काही ते जमेना. मला परक्या माणसासमोर आपलं नावसुद्धा सांगता येत नसे. तीन गुरुवार मी डबा घेऊन दाराआड उभी राहिले. तेही बाहेर उभे राहायचे, बराच वेळ वाट बघायचे आणि तांदूळ न घेता निघून जायचे. आय म्हणायची, "कायतरी पुटपुट गं, माझे पाय दुखतात त्याला बघून." चौथ्या गुरुवारी मी एका चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहिलं आणि दाराआडून हात लांब करून ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती वाचली. म्हणाले, "चालेल. लिहिणं म्हणजे बोलणंच." तेव्हा त्यांना कळलं की मी चौथी शिकलेली आहे. पुढे माझ्या वाट्याला जे आलं ते त्या चिठ्ठीमुळे.

हा आजार म्हणजे काय, ते त्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी सुपातून एक पोचट दाणा उचलला. म्हणाले, "शेतात पीक दिसायला भरघोस यावं आणि दाबून बघावं तर प्रत्येक दाणा असा, आत काही नाही. आणि त्या पोचट दाण्यांची इतकी गर्दी की चांगल्याला जागाच नाही. रक्तात तसं होतं." एवढं मला कळलं. संशोधन म्हणजे काय ते कळलं नाही. ते म्हणाले, "आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं आणि तिथून उठायचं नाही." ते तर मुळीच कळलं नाही. गावातल्या बायकांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं की मुंबईला त्या आजाराची माणसं आहेत आणि आपल्या तांदळाचा त्यांना भात मिळतो. शिवाय जे घर देईल त्या घरात तो आजार येणार नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. कंपाउंडर दर वेळी सांगायचे, "असं काही नाही. दिलंत तरी होऊ शकतो." यावर बायकांना राग यायचा. देणाऱ्याला असं बोलतात का. पण देत राहिल्या. मीही तसंच समजत होते.

शेवटी एकदा ते म्हणाले, "तुम्ही येऊन डोळ्यांनी बघा." गावाच्या वतीने तुळसाकाकू जायला तयार झाल्या. आयचे गुडघे धरलेले, म्हणून आमच्या घरातून मला पाठवलं. लिहिता-वाचता येतं, हरवली तर पाटी वाचून परत येईल, असं आय म्हणाली.

कंपाउंडर आम्हा दोघींना घेऊन गेले. मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. काकूंनी आजारी माणसांच्या तोंडाला चव यावी म्हणून लिंबाच्या लोणच्याची बरणी बरोबर घेतली होती. आत पाऊल टाकलं आणि एक वास आला. आम्ही दोघींनी तो लगेच ओळखला. भात साठवायच्या कणग्यात हात घातला की येतो, तोच. मांडण्यांवर ओळीने जाळीच्या पेट्या होत्या आणि पेट्यांमध्ये उंदीर होते. पांढरे, लाल डोळ्यांचे. खाट एकही नव्हती.

एक बाई डॉक्टर आल्या. तिशीच्या असतील. पांढरा कोट, आवाज बसलेला. आम्हाला बघून त्यांना खरंच आनंद झाला. म्हणाल्या, तुमच्याच गावाहून मनीऑर्डर येते ना, फार मदत होते, यांच्या खाण्यापिण्यालाच किती लागतं. तुळसाकाकूंनी माझ्याकडे बघितलं. बरणी त्यांनी पदराखाली घेतली.

"यांना काय झालंय?" काकूंनी विचारलं.

"रक्ताचा कर्करोग."

"कुठनं झाला?"

"आम्हीच दिला," बाई डॉक्टर म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, "बाई, आदी रोग द्याचा, मंग औषीद द्याचं. मंग देताच कशाला?"

बाई डॉक्टर हसल्या नाहीत. "माझी आईपण हेच विचारते," म्हणाल्या. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. कंपाउंडर मान डोलवत होते. मला त्यातलं एवढंच कळलं की जे औषध अजून माणसाला द्यायची हिंमत नाही ते आधी यांना देतात.

मग त्या आम्हाला कोपऱ्यातल्या एका पेटीजवळ घेऊन गेल्या. तिच्यात एकच उंदीर होता. शेपटीवर निळ्या शाईची दोन वळी काढलेली होती. बाई डॉक्टर म्हणाल्या की या पेटीतले बाकीचे सगळे मेले, हाही मरायला हवा होता, पण जगलाय. त्याचं रक्त रोज बघतो, पोचट पेशी कमी होत चालल्या आहेत.

"का जगला?" कंपाउंडरांनी विचारलं.

"माहीत नाही."

"छान," कंपाउंडर म्हणाले. ते वाकले आणि जाळीला बोट लावलं. उंदराने ते हुंगलं. आम्ही दोघी मागे उभ्या. आमच्या घरात उंदीर दिसला की हातात मिळेल ते घेऊन धावायचं, एवढंच आम्हाला माहीत. इथे एक शिकलेली बाई आणि एक म्हातारा माणूस उंदीर जिवंत आहे म्हणून एकमेकांकडे बघत होते, घरात बाळंतपण सुखरूप झाल्यासारखे. मला हसावं की काय करावं ते कळेना.

कर्जतला उतरल्यावर कंपाउंडरांनी पेढे घेतले आणि स्टेशनबाहेर दिसेल त्याला वाटायला लागले. टांगेवाल्याने पेढा घेत विचारलं, "कशाचे वो?"

"एक उंदीर वाचला."

टांगेवाल्याचा हात तोंडापर्यंत जाऊन थांबला. "कुनाच्या घरचा?" त्याने विचारलं.

तुळसाकाकूंनी पेढा घेतला नाही. त्या तरातरा पुढे निघून गेल्या. गावापर्यंतच्या वाटेवर कंपाउंडर आणि मी मागे राहिलो. मी चार पावलं अंतर ठेवून चालत होते. मी विचारलं नव्हतं, पण ते आपण होऊन बोलायला लागले. फार वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका वाडीतून एक मुलगी त्यांच्याकडे आणली होती. नऊ वर्षांची. सारखा ताप, अंग पांढरं पडलेलं, डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी झालेली. आपल्या भागात असा ताप म्हणजे मलेरिया. त्यांनी तिचं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं. मलेरिया दिसला नाही. पुन्हा घेतलं. दिसला नाही. तरी ते तीन महिने तिला मलेरियाच्या कडू गोळ्या देत राहिले, कारण दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. पोरगी गोळी बघितली की रडायची. मग डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे कंपाउंडरांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

"मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, आधी आणली असती तर?" कंपाउंडर म्हणाले. "ते म्हणाले, तरी वाचली नसती, यावर औषधच नाही. म्हणजे मी चुकलो की नाही चुकलो, ते सांगा."

मी खाली बघून चालत होते.

"औषध निघालं," ते म्हणाले, "की मग माझी चूक ही चूक ठरेल. तोवर ती नुसती लोंबकळतेय."

मी त्यावर अजून विचार करते. माणसं आपल्यावरचा आळ जावा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. हे आपला आळ पक्का व्हावा म्हणून दारोदार तांदूळ मागत होते. की मुलं वाचावीत म्हणून मागत होते? त्यांना तरी ते वेगळं करून सांगता आलं असतं का, मला माहीत नाही.

आम्ही पोचायच्या आधी काकूंनी गावभर सांगितलं होतं. पण तुळसाकाकूंना तिखटमीठ लावायची सवय, हे सगळ्यांना ठाऊक. त्या म्हणाल्या, मांजराएवढे उंदीर, चांदीच्या वाटीत भात. बायकांचा विश्वास बसेना. मग त्या सगळ्या आमच्या ओट्यावर आल्या. "हिला इचारा," कोणीतरी म्हणालं. "ही बोलत नाय, पन खोटं बोलायची नाय."

पंधरा-वीस बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या कानात नुसतं घूं व्हायला लागलं. मला त्या शाईच्या शेपटीचं सांगायचं होतं. त्या वाडीवरच्या मुलीचं सांगायचं होतं. ते सगळं कुठून सुरू करायचं हे कळेना, आणि तोंडातून एवढंच निघालं, "हो. उंदीर हुते."

झालं. मी पुढचं बोलेन म्हणून कोणी थांबलं नाही. आमच्या कणग्यातलं खातात ते कमी पडलं म्हणून आता मुंबईच्या उंदरांना पोसायचं का, असं म्हणत बायका उठल्या. काकूंच्या एवढ्या गोष्टींनी जे झालं नाही ते माझ्या दोन शब्दांनी झालं.

पुढच्या गुरुवारी कंपाउंडर पिशवी घेऊन आले. एकाही घराने तांदूळ दिले नाहीत. पैसे उंदरांना जातात का, असं तोंडावर विचारलं तर ते म्हणायचे, "हो, बरेचसे त्यांनाच जातात." थोडं वळवून बोलले असते, औषधाला जातात म्हणाले असते, तरी चाललं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण तसं बोलणं त्यांच्याजवळ नव्हतंच. आमच्या दारात ते नेहमीइतकाच वेळ उभे राहिले. मी दाराआड होते. एकदा त्यांनी हळूच म्हटलं, "तुम्ही पाहिलंत ना." मी बाहेर आले नाही. ते गेले.

त्यानंतरही दर गुरुवारी ते यायचे. रिकामी पिशवी घडी करून काखेत धरायची, प्रत्येक दारात तेवढाच वेळ उभं राहायचं, आणि पुढे. भांडण नाही, विनवणी नाही. बायकांना ते सहन होईना. "याला कोनीतरी सांगा वो, नको येऊ म्हनून," असं आपापल्या मालकांना सांगायच्या. सांगायला कोणी गेलं नाही, कारण सगळ्यांच्या घरी मिक्श्चरची बाटली होती. मोहोपाड्याची गिऱ्हाइकं दुसरीकडून तांदूळ घ्यायला लागली असतील. मनीऑर्डर थांबली. मला सकाळी तांदळात हात घालताना ती पेटी दिसायची. आता तिथे काय खायला घालत असतील, असं वाटायचं, आणि आपण उंदराची काळजी करतोय म्हणून स्वतःचीच लाजही वाटायची.

एका दुपारी आय आणि मी दोघीच तांदूळ निवडत होतो. आयसमोर मला थोडंफार बोलता यायचं, तेही ती खाली बघत असली तर. मी म्हटलं, "आय, त्यातला येक वाचला."

"कोन वाचला?"

मग मी सगळं सांगितलं. आयचे हात थांबले. तिने बारीकसारीक विचारलं. रंग कसला, नर की मादी, खातो का, अंगावर केस आहेत का. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पेढ्यांचंही सांगितलं. ती मुलगी आणि कडू गोळ्या, तेही सांगितलं. आय म्हणाली, "आजारातनं उठलाय, आनि त्याला जाडा तांदूळ घालतात?"

पुढच्या गुरुवारी आयने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बारीक तांदळातल्या चार मुठी काढल्या, कागदात बांधल्या आणि ती स्वतः काठी टेकत दारात गेली. "ह्ये त्या वाचलेल्याला," म्हणाली. "त्यालाच द्या. बाकीच्यांना नको."

कंपाउंडरांनी पुडी हातात घेतली. ती त्या एकट्याला द्यायची म्हणजे काय, याचा त्यांनी उभ्या उभ्या विचार केला. दुसऱ्या कोणी बरं म्हणून पिशवीत टाकली असती. हे म्हणाले, "रविवारी नेऊन देतो." आणि खरोखरच मोहोपाडा सोडून ते चार मुठी तांदूळ घेऊन मुंबईला गेले.

आयने दिले म्हटल्यावर शेजारणी विचारायला आल्या. आयने त्यांना कसं सांगितलं मला ठाऊक नाही, पण पुढच्या गुरुवारी त्या चौघी-पाचजणी आपापले डबे घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. तुळसाकाकूही होत्या. त्या म्हणत होत्या, "मी तर तवाच बगितलं, जिवट दिसत हुता मेला." कंपाउंडर आले. त्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं. ते त्यांनी एक शब्द न बोलता माझ्या हातात दिलं.

मी दाराशी उभी राहून वाचलं. बाई डॉक्टरांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तुम्ही आणून दिलेले तांदूळ त्याने खाल्ले, तुमच्या गावच्या आजींना माझा नमस्कार सांगा. पण आजार उलटला, आणि मंगळवारी सकाळी तो गेला. अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त जगला. त्याच्यापासून जे कळलं त्यावर पुढचं काम सुरू केलं आहे.

"कसा हाय तो?" आयने ओट्यावरून विचारलं.

प्रश्न कंपाउंडरांना होता. मी बघितलं, त्यांचा डावा हात उजव्या मनगटाकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता. ते खरं सांगणार होते. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. सगळ्या बायका डबे मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत होत्या.

"बरा हाय," मी म्हटलं.

एवढ्या माणसांत, कोणी मला विचारलेलं नसताना, मी पहिल्यांदा बोलले होते. आवाज मोठा आला. पोस्टकार्ड मी पदरात घेतलं. कंपाउंडर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. औषधाची बाटली उजेडात धरून बघायचे तसे. मग त्यांनी काखेतली पिशवी काढली, उलगडली आणि तिचं तोंड उघडून धरलं.

त्या गुरुवारनंतर कोणीही उंदराची खुशाली विचारली की ते आमच्या घराकडे बोट दाखवायचे. "त्यांना विचारा." स्वतः खोटं बोलले नाहीत. बोलायचं काम माझ्याकडे आलं. बायका नदीवर विचारायच्या, शेतात विचारायच्या. मी म्हणायची, बरा हाय. कधी म्हणायची, थोडी सर्दी हाय. मी या गोष्टीत पडले ते पाप की पुण्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा मी कंपाउंडरांना ते विचारलं. ते म्हणाले, "माहीत नाही," आणि त्यांच्या तोंडून ते ऐकून मला उगीच बरं वाटलं. वर्षं गेली. उंदीर आमच्या गावात जगत राहिला. माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली, धाकटा रांगायला लागला, तरी तो बराच होता. तांदूळ दर रविवारी मोहोपाड्याला जात होते.

आता पेपरात कधीमधी वाचते की या आजारातून काही मुलं उठतात. सगळी नाहीत, पण उठतात. त्यात आमच्या गावची एखादी मूठ आहे का, हे कोणाला विचारायचं ते कळत नाही. आणि मुलं उठायला लागली म्हणजे कंपाउंडरांची चूक आता चूक ठरली असेल का, हेही. मला वाटतं ठरली असेल. पण ते ऐकायला ते नव्हते.

ते थकल्यावर पुतण्या येऊन त्यांना घाटावर घेऊन गेला होता. सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं की काका गेले. मी ते आयला वाचून दाखवलं. आय तेव्हा फारशी उठत नव्हती. ओट्यावर उन्हाला बसून असायची.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आनि तो उंदीर?"

"बरा हाय," मी सवयीने म्हटलं.

"उंदीर दोन वर्सांवर जगत नाय गं," आय म्हणाली. "सारा जलम कनग्यापाशी गेला माझा, मला ठाव नाय व्हय?"

माझं तोंड उतरलं. इतकी वर्षं. मी कसंबसं विचारलं, "मंग तुमी देत का हुता?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय असं तिने माझ्याकडे बघितलं. "त्यो मेला तर मेला. त्याच्या पेटीत दुसरा आनला असंल की. त्याला नको खायाला?"

बाकीच्यांना ठाऊक होतं का, असं मी विचारलं. आय म्हणाली, कणगा सगळ्यांच्या घरात हाय. मग तिने विचारलं की कंपाउंडर गेल्यापासून सहा महिने डब्यात मुठी साठल्यात, त्या कोण नेणार. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आय, मला नाय जमायचं, दारोदार जाऊन मला नाय बोलता यायचं.

"तुला बोलाय कोन सांगतंय," आय म्हणाली. "नुसती उबी ऱ्हा."